नाल्यापलीकडे शून्य

तिसरीच्या वर्गाला मी गावाचा भूगोल शिकवते. जिल्ह्याचा भूगोल पुस्तकात आहे, आमच्या गावाचा नाही, म्हणून तो मीच तयार केलाय. उत्तरेला टेकडी. माझ्या या गुडघ्यांनिशी मी ती दहा मिनिटांत चढते, पण गावात तिला डोंगर म्हणायचं असतं. दक्षिणेला काळं रान, कपाशी, मका, सोयाबीन, आणि मधूनच कुणीतरी हौसेनं पाडलेल्या प्लॉटांचे चुन्याचे पट्टे. पश्चिमेला फाटा. तिथं भोकरदन-जालना गाड्या थांबतात, चहाची दोन हॉटेलं आहेत, एक पंक्चरचं दुकान आहे, तर त्या फाट्याला हे लोक ‘बायपास’ म्हणतात. पूर्वेला नाला. नाल्याचं जरा अवघड आहे. पाहुणा आला की ती नदी असते. पलीकडच्या वस्तीनं पूल मागितला की तिचा नाला होतो, आणि वस्तीनं फारच जोर लावला तर ‘ओढा हाय हो, चप्पल काढली की झालं.’

मी मूळची जालन्याची, मस्तगडची. तिथं सकाळी दार उघडलं की समोर दुकान असायचं. इथं दार उघडलं की समोर दुसऱ्याची म्हैस. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या गावाचं कौतुक केलेलं नाही आणि गावानंही माझं केलं नाही, ते मला ‘बाई’ म्हणतात आणि लांबून नमस्कार करतात. बराबर फिटलं. नवरा गेला, दोन्ही मुलं पुण्याला. चार खोल्यांचं स्लॅबचं घर आहे, त्यातल्या दोन खोल्यांना कुलूप असतं. मुलं आली तर हव्यात म्हणून. मुलं दिवाळीत तीन दिवस येतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळपासून घड्याळाकडं बघत बसतात.

तर या गावाला गेल्या दोन-तीन वर्षांत शहर व्हायचं वेड लागलं. पंचायतीची नगरपंचायत करायची. नगरपंचायत झाली की काय होतं, हे मी चार जणांना विचारलं. एक म्हणाला गटारी होतात, एक म्हणाला भोकरदनची बरोबरी होते, आणि तिसऱ्यानं खरं काय ते सांगितलं, की सरपंच एकच असतो पण नगरसेवक पुष्कळ असतात. चौथा नुसता हसला. वेशीवर आधीच फ्लेक्स लागला होता, ‘शहरात आपले सहर्ष स्वागत’, आणि त्याच्या खाली शेळ्या बांधलेल्या. कुणी जर विचारलं की तुमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडं का पलीकडं, तर आमच्या माणसांना राग येतो. केदारखेडा आमच्या पलीकडं आहे असं म्हणायचं.

अडचण एकच होती. लागतात तेवढी माणसं गावात नव्हती. सरकारी मोजणी जुनी झालेली, म्हणून पंचायतीनं स्वतःची यादी करून प्रस्तावाला जोडायची असं ठरलं. आमच्या सरपंच बाई आहेत, पण त्यांना फक्त सहीला बोलावतात. बाकी सगळं त्यांचे यजमान बघतात आणि सगळे यजमानांनाच सरपंच म्हणतात. मीही म्हणते, कोण वाद घालत बसेल. ते शाळेत आले आणि म्हणाले, “म्याडम, यादी तुमच्या हातानं पाह्यजे. तुमचं अक्षर म्हंजे छापल्यावानी.” माझं अक्षर चांगलं आहे, हे खरंच आहे. मी हो म्हटलं.

आता माणसं मोजायची कशी? कुणी घरोघर जाईल असं ज्यांना वाटत असेल ते या गावाला ओळखत नाहीत. सरपंचांनी देवळाजवळच्या म्हाताऱ्याला बोलावलं. गावात भंडारा असो, बारसं असो, दहावं असो, जेवणाचं आवतण द्यायला हाच घरोघर फिरतो. त्याच्याकडं एक वही आहे. तिच्यात गल्लीवार सगळी घरं, आणि प्रत्येक घरापुढं किती पत्रावळी लागतात तो आकडा. आवतण दोन प्रकारचं असतं. ‘घरटी एक’ म्हणजे घरातून एकानं यायचं. आणि ‘चुलबंद’ म्हणजे सगळ्यांनी यायचं, पोराबाळांसकट, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. म्हाताऱ्याच्या वहीत चुलबंदच्या पत्रावळी होत्या. सरपंच म्हणाले, “ह्याच्यावरून काढा मंग. पत्रावळ तिथं माणूस.”

मी ती वही घरी नेली आणि दोन दिवस कपाळाला हात लावून बसले. घरात माणसं तीन आणि पत्रावळी अकरा. कारण काय, तर पुण्याच्या सुनेसाठी एक, तिच्या आईसाठी एक, शेतावरच्या सालदाराचा डबा, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी खायला. गावानं शिळं अन्नसुद्धा लोकसंख्येत धरलं होतं. तरी मी लिहीत गेले. बातमी फुटल्यावर लोक आपणहून यायला लागले. पंक्चरच्या दुकानातले चाचा आले, म्हणाले, “बाई, हमारे घर के आठ लिखो. बच्ची शादी होके सिल्लोड गई, उसको भी लिखो, आती जाती रहती.” एकानं वारलेल्या आज्याचं नाव सांगितलं. मी म्हटलं, अहो ते गेले. तो म्हणाला, “गेले पर नाव काढलं न्हाई ना अजून कुटूनच.” मी माझ्या दोन्ही मुलांची, सुनांची, नातवाची नावं लिहिली. कायमचे रहिवासी. तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

एवढं करूनही आकडा कमी पडला. मग सरपंचांना नाल्यापलीकडची वस्ती आठवली.

ही वस्ती म्हणजे पाचपन्नास पत्र्याची घरं. नाला ही आमची शीव. पलीकडची जमीन कागदावर शेजारच्या गावाची, आणि ते गाव तिथून तासाभराच्या वाटेवर. त्यामुळं आमचं गाव म्हणतं ती माणसं त्यांची, ते गाव म्हणतं ती यांची. पण आमच्या गावची कपाशी हीच माणसं वेचतात, आमच्या भिंती हीच बांधतात, पोरं आमच्याच शाळेत येतात. म्हाताऱ्याच्या वहीत मात्र त्यांचं पान नाही. त्याची फेरी वेशीशी संपते. भंडाऱ्यात सगळ्यांची जेवणं झाली, उरलं, तर कुणीतरी नाल्याच्या काठावर उभं राहून हाक मारतं. त्याला आवतण म्हणत नाहीत.

आमच्या शाळेत खिचडी करणारी मावशी याच वस्तीतली. रोज सकाळी नातीला कडेवर घेऊन नाला ओलांडते. नात माझ्याच वर्गात आहे, तिसरीत, म्हणजे कडेवर घ्यायचं वय नाही तिचं, पण पाणी कमरेला लागलं की करणार काय? मावशीला एकच गोष्ट पाहिजे होती. पूल. मोठा नको, माणूस आणि लेकरू चालेल एवढा. दर पावसाळ्यात तिचे आठ-पंधरा दिवस बुडतात, दर वेळी शाळेच्या समितीतलं कुणीतरी म्हणतं की दुसरी बाई बघा, आणि दर वेळी मी त्याचं तोंड बंद करते. पुलाचे अर्ज मीच लिहून दिले, एक नाही, किती तरी. ती म्हणायची, “बाई, मी म्हातारी झाले, माझं काय न्हाई. पर एखाद्या दिवशी पाय घसरला तं ही पोरगी जाईन माझ्या हातातून.” हे ती अगदी शांतपणे सांगायची आणि तांदूळ निवडायला लागायची.

वस्तीला यादीत घ्यायचं तर त्यांना नाल्याच्या अलीकडचे घर नंबर पाहिजेत. सरपंच म्हणाले, “सोपं हाय. ज्याच्या घरात जागा, त्याच्या नंबरावर एक-एक कुटुंब लिहून टाकू. कागदावरच तं हाय.” पारावर बैठक झाली. मी वही घेऊन बसले होते आणि त्या दिवशी मी या गावाला ओळखलं, ओळखायचं काही राहिलं असेल तर. एकजण म्हणाला, आमच्याकडं देव्हारा आहे. दुसरा म्हणाला, सून बाळंतपणाला आली आहे, घरात आणखी माणसं कशी मावतील. कागदावर, बरं का. तिसरा सरळ म्हणाला, “लिहिण्यापुरतं जरी असलं तरी आमच्या नंबरावर नको, उद्या पोराच्या लग्नात कुनी काढलं तं?” शहर पाहिजे, नगरसेवक पाहिजे, आणि शाईनं लिहिलेला शेजारी चालत नाही यांना. शेवटी गोठ्यांचे नंबर दिले, बंद पिठाच्या गिरणीचा दिला, पुण्याला गेलेल्यांच्या कुलुपांचे दिले. पाचपन्नास घरची माणसं मी अशी गोठ्यांत आणि कुलुपांत बसवली.

मावशीचं कुटुंब राहिलं होतं. मी म्हटलं, माझ्या नंबरावर लिहा, एकशे बारा. सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी त्या मोठेपणात होते. मावशीला सांगितलं तर ती खिचडी ढवळायची थांबली. “म्हंजे आमी आता गावात आलो का बाई?”

“आलात.”

“मंग पूल व्हईन.”

मी सरपंचांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, “म्याडम, एकदा गावात घेतलं की पूल आपोआप. बिलकुल टेन्शन घेऊ नका.” भूगोल मी शिकवते. नकाशा मी काढते, फळ्यावर, रंगीत खडूनं, नाल्याला निळा. आणि मला ते दिसलं नाही.

प्रस्ताव वर गेला त्याबद्दल गावानं भंडारा केला आणि पहिल्यांदाच म्हातारा नाला उतरून पलीकडं गेला. चुलबंद. मावशीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. ती मला पंगतीत दिसली, नातीला शेजारी बसवलेलं. वाढणारे तिच्यापुढून जरा जल्दी जात होते, पण जात होते. जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली की सकाळपासून चूल पेटवली नाही, घर कसं ओकंबोकं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी इंजिनियर साहेब आले, पुलाची जागा बघायला. शेवटचा अर्ज कुठंतरी पोचला होता. साहेब तरुण, बूट चिखलानं भरल्यामुळं वैतागलेले. त्यांनी काठावर उभं राहून विचारलं, “पलीकडं लोकसंख्या किती? ग्रामपंचायतीची यादी द्या.” सरपंचांनी माझी यादी दिली. साहेबांनी पानं उलटली आणि म्हणाले, अक्षर सुंदर आहे. मग म्हणाले, “पण पलीकडं तर कुणीच राहत नाही.”

मी म्हटलं, साहेब, समोर घरं दिसतायत ना. धूर दिसतोय. मावशी तिथंच उभी होती, नाल्याच्या पलीकडच्या काठावर, नातीचा हात धरून, साहेब आले म्हणून. साहेब म्हणाले, “मॅडम, मला दिसून काय उपयोग? यादीत सगळे गावठाणात आहेत, घर नंबरसकट. शून्य लोकवस्तीसाठी पूल कसा दाखवू?” त्यांनी कागदावर शून्य लिहिलं. माझ्यासमोर.

त्याच संध्याकाळी मी सरपंचांकडं गेले, म्हटलं वस्तीची नावं काढा, खरी जागा लिहा. ते खाटेवर बसून मोबाईल बघत होते. म्हणाले, “म्याडम, आता काढली तं आकडा पडतो. सगळ्या गावाचं नुसकान व्हईन. थोडं थांबा, नगरपंचायत झाली की मीच उद्घाटनाला बोलावतो.” मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सरपंच बाई दारात उभ्या होत्या. त्या पहिल्यांदा काहीतरी म्हणाल्या. म्हणाल्या, “चहा ठेवू का?” मी तशीच उठून आले.

मावशीला सांगायला मला चार दिवस लागले. एरवी माझी जीभ कुणापुढं अडत नाही. ती चुलीसमोर उकिडवी बसली होती, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे कागदावर आमी तिथं राहातच न्हाई?”

“नाही.”

“मंग कुठं राहून राह्यलो?”

“माझ्या घरी.”

तिनं मान हलवली आणि खिचडीत मीठ टाकलं.

भाद्रपदात आभाळ काळंकुट्ट झालं. वर कुठंतरी दोन दिवसांपासून कोसळत होतं आणि नाल्याचं पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. दुपारी शाळा सुटल्यावर मी घरी येऊन बसले होते. दारात चाहूल लागली. मावशी होती. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात नात, नातीच्या पाठीला दप्तर. पोराला आणि सुनेला शेळ्यांपाशी ठेवून आली होती. म्हणाली, “उद्या नाला भरंल बाई. भरायच्या आत आलो. शाळा बुडायला नको हिची, अन् खिचडी बी.” तेवढ्यात नातीनं चौकटीवरचा नंबर मोठ्यानं वाचला, एकशे बारा, मी शिकवलं तसं, आणि आजीकडं बघून म्हणाली, “हेच हाय आपलं.”

मी दारात उभी होते. आता मला खरं ते सांगितलं पाहिजे. इतकी वर्षं ही बाई माझ्या ओट्यावर बसून गेली, माझ्या हातचा चहा पिऊन गेली, पण उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. मी ये म्हटलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. मी गावाला नावं ठेवत होते आणि गाव माझ्या उंबऱ्यावर मजेत बसलेलं होतं. माझ्या तोंडून काय निघालं? तर, “मावशी, आतल्या खोल्यांना कुलूप आहे. मुलं यायची आहेत दिवाळीला.”

पारावर बसलेल्या त्या लोकांपेक्षा हे काय वेगळं होतं? देव्हारा, सून, आणि माझी दिवाळी.

मावशी म्हणाली, “दिवाळीला लै टाइम हाय बाई. तवर नाला उतरंल.” ती रागावली नव्हती. ती ओट्याच्या कडेला बसली, जिथं नेहमी बसते, आणि गाठोडं मांडीवर घेतलं. नात उभीच होती, दप्तर न काढता. थेंब पडायला लागले होते. ओट्याचा काठ ओला झाला आणि मावशीनं पाय वर घेतले, तरी मी दारातच होते.

मग मी आत गेले आणि किल्ली शोधली. कुलूप गंजलं होतं, त्याला तेल घालावं लागलं. मागची खोली उघडली. मुलांच्या गाद्या, गुंडाळलेला गालिचा, नातवाची एक तुटकी सायकल. म्हटलं, या आत. नात आधी आली, सायकलपाशी गेली. मावशी उंबऱ्याशी थांबली, चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या आणि आत आली.

मी स्वयंपाकघरात जाऊन पीठ काढायला लागले. पाठीमागून ती म्हणाली, “पीठ ठिवा बाई.”

तिनं गाठोडं सोडलं. भाकरी होत्या, पुष्कळ, तिघांना पुरून उरतील एवढ्या, फडक्यात बांधलेल्या. शेंगदाण्याची चटणी, दोन कांदे. मला वाटलं तिच्या आणि नातीच्या दोन-तीन दिवसांच्या असतील. तिनं माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर, माझ्याच ताटात पहिली भाकरी मला वाढली.

“तुमच्या बी आणल्यात,” ती म्हणाली. “घरटी एक न्हाई बाई. चुलबंद.”

मी गॅस पेटवला नाही.